कॅल्शियमची बाटली घेण्याआधी वरून ओतायचं पाणी तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. जुळे सोलापुरात घर, साठ लिटरचा मरीन टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय), सात महिने झालेत. आत झोआ, मशरूम, एक लेदर असे मऊ प्रवाळ आणि क्लाउन माशांची जोडी. उन्हाळा म्हणून टाकीवर पंखा लावलाय, रोज दोनेक लिटर पाणी उडतं आणि ते तुम्ही स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने भरता. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून खारेपणा मोजणारं साधन, १.०२६ दाखवतो. कॅल्शियम ३६० पीपीएम (लिटरला साधारण तेवढे मिलिग्रॅम), मॅग्नेशियम ११४०. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजतात डीकेएच या एककात) १२.५ होती. तुम्ही चमचाभर कॅल्शियम क्लोराइड घातलंत, टाकीत दूध सांडल्यासारखं झालं, दोन दिवसांनी अल्कलिनिटी ८.६ वर आली, पण कॅल्शियम होतं तिथेच राहिलं. आता वीस दिवसांनी अल्कलिनिटी परत १२.२. वेव्हमेकरवर (पाणी फिरवणाऱ्या पंपावर) पांढरा थर बसून तो अडकतोय, झोआ अर्धवट उघडतात. आणि तुम्ही विचारताय, कॅल्शियम वाढवायला कुठल्या कंपनीची बाटली घेऊ?

कुठलीच घेऊ नका. निदान आत्ता तरी.

मी अकरा वर्षं असा छोटा टँक सांभाळतोय, आणि त्याआधीपासून टॉवेलच्या डाईंगमध्ये पाणी तपासायचं काम करतोय. आमच्या धंद्यात पाणी जड असलं की रंग सारखा चढत नाही, शेड बिघडते, म्हणून पाण्यातल्या क्षारांशी रोजची गाठ. सांगायचं कारण एवढंच, की तुमचे आकडे वाचल्यावर मला टँक दिसायच्या आधी पाणी दिसलं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडल्यात आणि त्या एकमेकींवर पांघरूण घालतायत. म्हणून कोडं वाटतंय.

पहिली गोष्ट मीठ. समुद्राच्या पाण्याचं एक वैशिष्ट्य असं, की खुल्या समुद्रात खारेपणा कमीजास्त झाला तरी त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहतं. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून पाणी गोळा केलं, त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये हे पक्कं करून दाखवलं. आपल्याला त्याचा उपयोग असा. ३५ खारेपणाच्या, म्हणजे किलोला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१२ आणि मॅग्नेशियम १२९० च्या आसपास असतं. तुमचं कॅल्शियम ३६०, म्हणजे अपेक्षेच्या ८७ टक्के. मॅग्नेशियम ११४०, म्हणजे ८८ टक्के. दोन्ही एकाच मापाने कमी! प्रवाळांनी कॅल्शियम खाल्लं असतं तर एकटं कॅल्शियम घसरलं असतं, मॅग्नेशियम जवळपास जागेवर असतं. दोन्ही बरोबरीने घसरलेत याचा साधा अर्थ, पाणीच पातळ आहे. ३५ च्या ८८ टक्के म्हणजे ३१ च्या जवळ, आणि ३१ चं विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) येतं १.०२३. तुमचा हायड्रोमीटर १.०२६ म्हणतोय.

काटा हलणारा तो प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर नवल नाही. काट्याला हवेचा बारीकसा बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. माझ्याकडेही पहिलं वर्षभर तसलाच होता.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारं साधन) घ्या, पण नुसता घेऊन भागत नाही, तो जुळवावा लागतो. बरेच जण साध्या पाण्यावर शून्य लावतात आणि खूश होतात. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो, म्हणून ३५ च्याच द्रावणावर जुळवायचा. ते विकत मिळतं. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम खायचं मीठ घ्या, त्यात शुद्ध पाणी घालून एकूण वजन बरोबर १००० ग्रॅम करा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ खारेपणाच्या समुद्री पाण्याइतकंच वाचलं जातं. वजन मात्र नीट हवं. स्वयंपाकघरातला काटा अर्धा ग्रॅम दाखवत नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे जाऊन मीठ तोलून आणा. मी आणलंय, तो हसला, पण दिलं तोलून. आणि हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी, हायड्रोमीटर जुळवायला ते चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी मेख हीच आहे. खारेपणा कमी असताना अल्कलिनिटीही कमी दिसायला हवी. समुद्रात ती सातच्या आसपास असते, तुमच्या पातळ पाण्यात सहा-साडेसहा असायला हवी होती. ती आहे १२.२. म्हणजे कुठूनतरी आत येतेय. तुम्ही सोडा घालत नाही, बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पूड) घालत नाही. मग टाकीत रोज काय जातं? वरून भरायचं पाणी.

तुम्ही लिहिलंय, आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १६० आहे आणि 'पिण्याला एकदम छान' आहे. पिण्याला छानच आहे. घरातल्या बहुतेक आरओ मशीनना टीडीएस कंट्रोलर असतो किंवा मिनरलचं कार्ट्रिज. मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) निघालेलं पाणी बेचव लागतं, म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड, मध्ये बोअर, टाकीत दोन्ही एकत्र. त्या कच्च्या पाण्यातल्या क्षारांचा मोठा भाग बायकार्बोनेटचा, आणि अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः तेच.

हिशेब करून बघू. साठ लिटरच्या टाकीतून दगड-वाळू वजा करता खरं पाणी पन्नास लिटर धरू. आरओच्या पाण्याची अल्कलिनिटी साडेचार डीकेएच धरू, १६० टीडीएसला हा आकडा सहज शक्य आहे. वीस दिवस, रोज दोन लिटर, म्हणजे चाळीस लिटर. चाळीस गुणिले साडेचार भागिले पन्नास, उत्तर ३.६. तुमची अल्कलिनिटी ८.६ वरून १२.२ वर गेली, फरक ३.६. आकडा इतका चोख जुळला हा थोडा योगायोग, मी साडेचार धरलंय ते अंदाजाने. पण खात्री करायला पैसे लागत नाहीत. अल्कलिनिटीचा तुमचा जो किट आहे तोच गोड्या पाण्यालाही चालतो. आज रात्री आरओचं पाणी त्यात घेऊन थेंब मोजा.

तुम्ही म्हणाल, मग या पाण्याने खारेपणा का नाही वाढला? कारण टाकीत लिटरला ३१ ग्रॅमच्या आसपास मीठ आहे, पन्नास लिटरला दीड किलोच्या वर. चाळीस लिटर आरओच्या पाण्याने त्यात सहा-साडेसहा ग्रॅमची भर पडली. ती कोणाला दिसणार? उलट समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट लिटरला जेमतेम १४० मिलिग्रॅम असतं. आरओचं पाणी तेवढ्यालाच धक्का देतं. म्हणून मीठ जागच्या जागी आणि अल्कलिनिटी मात्र दर महिन्याला वर.

आता त्या चमच्याचं काय झालं ते बघा. चमचाभर, म्हणजे साधारण पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. दुकानात मिळतं ते बहुधा डायहायड्रेट, त्यात २७ टक्के कॅल्शियम. पन्नास लिटरमध्ये २७ पीपीएमची वाढ व्हायला हवी होती. पण अल्कलिनिटी साडेबारा असलेल्या पाण्यात एका जागी एकदम ओतल्यावर दोघांनी मिळून चुनखडी केली. ते दूध म्हणजे चुनखडी. चुनखडी तयार होताना अल्कलिनिटीच्या प्रत्येक एका डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जातं. तुमची अल्कलिनिटी ३.९ ने उतरली, म्हणजे २७-२८ पीपीएम कॅल्शियम गेलं. जेवढं घातलंत तेवढंच. शिवाय मॅग्नेशियम कमी होतं. समुद्राच्या पाण्यात चुनखडी आपोआप बसू नये याची राखण मॅग्नेशियम करतं, आणि तुमचा राखणदार अर्धपोटी होता. वेव्हमेकरची मोटर गरम असते, थर आधी तिथे धरतो. विश्वास बसत नसेल तर थर खरवडून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसेल.

आता काय करायचं. आधी खारेपणा, मग पाणी, मग वाट बघायची. याच क्रमाने. दोन्ही एकाच दिवशी बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

खारेपणा ३१ वरून ३५ ला न्यायला सहा दिवस घ्या. रोज जे दोन लिटर उडतं, त्यातलं एक लिटर ३५ चं मीठपाणी भरा आणि एक लिटर साधं. एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम, पन्नास लिटरला ०.७ ची वाढ. प्रवाळांना हे झेपतं. दोन्ही लिटर मीठपाण्याचे घातले तरी मरणार नाहीत, पण घाई कशाला. ३५ ला पोचलात की कॅल्शियम मोजा. बाटली न घेता ते ४०० च्या आसपास आलेलं असेल, मॅग्नेशियमही त्याच्याबरोबर. मिठाचं पाकीट घेताना त्यावर अल्कलिनिटी किती लिहिलीय ते मात्र बघा. काही रीफ सॉल्ट मुद्दाम अकरा-बाराला बनवलेली असतात. ती दगडी प्रवाळांच्या टँकसाठी, तुम्हाला आठ-नऊवालं बरं.

भरायचं पाणी शून्य टीडीएसचं हवं, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत बदलत नाही. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी एक टी (पाइपला फाटा देणारा जोड) बसवून घ्या. तिथलं पाणीही शून्य नसेल. मेम्ब्रेन ९०-९५ टक्के क्षार अडवतो, आणि माझ्या बोअरचा टीडीएस ९०० आहे, म्हणजे पलीकडे ४५ ते ९० उरतातच. त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं छोटं कार्ट्रिज लावलं की मीटरवर शून्य येतं. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपत आलं की दिसतं. सारं पाणी नळाचं मिळालं तर रेझिन जास्त टिकतं. म्हणून नळ येतो त्या दिवशी मी दोन कॅन भरून ठेवतो, बोअरवर रेझिन जाळत बसत नाही.

लोक यावर बरेच पर्याय सुचवतील. सॉफ्टनरचं पाणी नको. तुमच्या अपार्टमेंटला सॉफ्टनर असेल तर त्याने भांड्यांवरचे डाग जातात, कारण तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं, टीडीएसही. डाईंगमध्ये आम्हाला तेवढं पुरतं, टँकला नाही. एसीतून ठिबकणारं पाणी मऊ असतं खरं, पण ते तांब्याच्या कॉइलवरून येतं, आणि तांबं म्हणजे कोळंबी-गोगलगायींना विष. वीस लिटरच्या जारमध्ये मिनरल घातलेले असतात. बॅटरीचं पाणी अडीअडचणीला मी वापरलंय, मीटर लावून, पण रोज दोन लिटर त्याचं परवडणार नाही.

रोज दोन लिटर हेही जरा समजून घ्या. मुंबईचे मरीनवाले सांगतात पंख्याने फार फरक पडत नाही, चिलर घे. त्यांच्या हवेत खरंच पडत नाही. जे कूलरचं तेच पंख्याचं, आपली एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून सोलापुरात कूलर गारवा देतो आणि दादरला नुसता दमटपणा. एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेतं, ती पन्नास लिटर पाणी अकरा-बारा अंशांनी गार करायला पुरेल एवढी असते. खोलीतून ती परत आत येत राहते म्हणून तीन-चार अंशच उतरलेले दिसतात. बाहेर ४२ असताना माझा टँक पंख्यावर २८ च्या आत राहतो. तेव्हा पंखा काढू नका. फक्त त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, आणि ते पाणी शुद्ध असेल तरच सौदा फायद्याचा. पावसाळा लागला की हेच उडणं निम्म्याहून खाली येईल आणि अल्कलिनिटी चढायचीही मंदावेल. तेव्हा 'आपोआप बरं झालं' असं समजू नका.

दोन लिटर दिवसातून एकदाच भरत असाल तर संध्याकाळपर्यंत खारेपणा ३५ वरून साडेछत्तीसच्या जवळ जातो आणि भरल्या भरल्या खाली येतो. दोन दिवस तुळजापूरला जाऊन आलात तर ३८. छोट्या टाकीचं हेच दुखणं, चूक पचवायला पाणीच कमी. ऑटो टॉप-अप मिळतो, घ्यायला हरकत नाही. मी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. कॅन वर ठेवायचा, नळी टाकीत, चाक फिरवून मिनिटाला २८ थेंब. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली, तेव्हा दिवसाचे दोन लिटर होतात. स्वस्त आणि बिनविजेचा, लाइट गेली तरी चालू.

पण त्यात मी एकदा हात पोळून घेतलाय. पहिल्या उन्हाळ्यात वर दहा लिटरचा कॅन ठेवला होता. रात्रीत चाक ढिलं झालं, सकाळी जमिनीवर तळं आणि टाकीत खारेपणा ३२ च्या खाली. लेदर आठ दिवस मुठीसारखा मिटून बसला. तेव्हापासून वरचा कॅन अडीच लिटरचाच, पूर्ण रिकामा झाला तरी टाकी बुडणार नाही असा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्याकडे मऊ प्रवाळ आहेत, हे सगळं उत्तर त्यांच्यासाठी आहे. झोआ, मशरूम, लेदर दगडी सांगाडा बांधत नाहीत, कॅल्शियमची त्यांची गरज नगण्य. दगडावर जांभळी कोरलाइन शेवाळ पसरली तर थोडं लागेल, ते मिठासकट बदललेल्या पाण्यातून भागतं. दगडी प्रवाळ ठेवणाऱ्याचं गणित वेगळं, तिथे रोज डोसिंग, म्हणजे कॅल्शियम-अल्कलिनिटी मोजून घालणं, आलं. आपल्याकडे समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, तेव्हा कोणी 'किनाऱ्यावरून आणलेला' तुकडा देऊ लागला तर हात लावू नका. किट जुना असेल तर माझं निम्मं गणित कोलमडेल. बाटलीवरची मुदत बघा आणि किट कपाटाच्या गार कप्प्यात ठेवा, टँकच्या दिव्याशेजारी नको.

आत्ताच्या १२.२ ला मुद्दाम खाली ओढायची गरज नाही. मऊ प्रवाळांना ती तेवढी बाधत नाही, बाधतं ते वरखाली होणं. वरून येणं थांबलं की दर आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदलत राहा, काही महिन्यांत नऊच्या आसपास येईल. मग आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी, महिन्यातून एकदा कॅल्शियम, बस. साडेसात ते नऊच्या मध्ये कुठेही स्थिर राहिली तरी चालेल. पुढे कधी साताखाली गेली तर खायचा सोडा आहेच. एक ग्रॅम सोडा पन्नास लिटरला पाऊण डीकेएचच्या जरा खाली वाढवतो. शुद्ध पाण्यात विरघळवून, प्रवाहात, थोडा थोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात इतर गोष्टी असतात. आणि कोणी पानाचा चुना सुचवलाच तर, चुन्याचं पाणी टँकला वापरतात हे खरं, पण ते शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं. पानाच्या डबीत काय काय आहे ते कोणाला माहीत, आणि त्या पाण्याचा पीएच बाराच्या वर, अंदाजाने ओतायची वस्तू नव्हे.

पीएचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, ते बरंच केलंत. ७.८ ते ८.४ मध्ये असेल तर त्याच्याकडे बघू नका. नायट्रेट शून्य करायच्या मागेही लागू नका, झोआंना पाच-दहा आवडतं.

वेव्हमेकर काढून निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी अशा बादलीत तासभर चालवा, मग साध्या पाण्यात धुऊन लावा. आणि खारेपणा चढवायच्या त्या सहा दिवसांत लेदर मिटेल, त्याच्या अंगावर मेणासारखी चकचकीत साल येईल. तो कात टाकतो, मरत नाही. प्रवाह जरा वाढवा, साल वाहून जाऊ द्या, आणि तेवढ्यात घाबरून टाकीत काही ओतू नका. आरओच्या पाण्याची अल्कलिनिटी किती आली ते मात्र कळवा. ती एकाच्या खाली निघाली तर माझा अंदाज चुकला, आणि मग दगड-वाळू कुठून आणलीत तिथून सुरुवात करू.